पोटॅशियमची दारं आणि दोन केळी

३ तारीख, सोमवार
मुलगी आली. माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आठवड्याची रजा काढून. जावयांची तब्येत विचारली: बरी. नातीची: उत्तम. विहीणबाईंचा गुडघा: ठीक. बायकोला विचारलं, तर म्हणाली, मला काय धाड भरलीय. सगळेच एकदम ठणठणीत. काहीतरी लपवताहेत.

४ तारीख
वाचन केलं. मज्जापेशीच्या भिंतीत बारीक दारं असतात. त्यांतून पोटॅशियम बाहेर पडलं की पेशी पुढच्या निरोपाला तयार. भुलीची औषधं हीच दारं अडवतात. दारं लावून घेणाऱ्यांचा आत काय बेत असतो, हे मला कोणी शिकवायला नको. निश्चय: ऑपरेशनभर जागं राहून लक्ष ठेवायचं.

५ तारीख, दुपार
भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना भेटलो. म्हणाल्या, काका, मुख्य काम सोडियमच्या दारांवर, पोटॅशियमचीही थोडी अडतात. विषय सोडियमवर ढकलला. नोंद घेतली. मग कंबरेखालचं काहीतरी सांगू लागल्या. मी थांबवलं, मुद्द्यावर या म्हटलं. मुद्दा म्हणे एकच, उद्या ऑपरेशन, तर आज रात्री दहानंतर पोटात काही नको. हातात एक कागदही दिला. का नको? केळ्यात पोटॅशियम असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

६ तारीख, पहाटे साडेपाच
न्हाणीघरात दोन केळी. आतून गर्दी केली की दारं लागणारच नाहीत. सालं रुमालात, रुमाल खिशात. घरच्या कचऱ्यावर मुलीची नजर असते.

६ तारीख, दुपार
कपडे बदलताना सिस्टरने खिसे रिकामे केले. मी म्हटलं, केळं म्हणजे काही जेवण नव्हे. ऑपरेशन रद्द. पोटातलं उलटून श्वासनळीत गेलं तर जिवावर बेततं, म्हणे. नवी तारीख तीन आठवड्यांनी. मुलीची रजा रविवारपर्यंत. तिने माझे कपडे पिशवीत भरले. बायको बरंच बोलली.

९ तारीख, रविवार
मुलगी गेली. तिची बॅग उचलायला गेलो, तर हातातून काढून घेतली. म्हणाली, बाबा, लक्ष ठेवायला मी बसणार होते ना बाहेर.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा कागद उघडला. भूल फक्त कंबरेखाली. पेशंट पूर्ण जागा असतो.

मुलीला पत्र लिहायला घेतलं. हर्निया आहे तिथेच आहे. आईने केळी कुलपात ठेवली आहेत. नव्या तारखेला एक दिवस जमेल का, दोन ओळी लगेच धाड.