खुंट्यांमधले चार फूट

१८ जुलै १९७८

खुंट्या ठोकल्या! पडेगावच्या जुन्या खाणीच्या माथ्यावर, भेगेच्या अलीकडे एक, पलीकडे एक. दोन्ही लोखंडी. मधलं अंतर बरोबर चार फूट. भेग रुंदावली की अंतर वाढणार — एवढं सोपं! रोज सकाळी आठला टेप लावायचा.

चिकलठाण्याच्या कारखान्यांच्या रस्त्यांना इथलीच खडी गेली. अर्धा डोंगर खाऊन झाला आणि उरलेला कडा सांभाळायला मला, ओव्हरसियर सूर्यभानला, बसवलंय. कड्याला टप्पे पाडायचे, माथ्यावर चर खणून पाणी वळवायचं, मग उतारावर गवत लावायचं. मुकादम मोतीराम आणि त्याची दहा माणसं आहेत. मोतीराम कामाला वाघ, बोलायला कंजूष.

२१ जुलै

चार फूट.

चर खणल्यापासून माथा कोरडा राहतो, म्हणून बानाबाई धनगरणीनं मेंढ्यांचा मुक्काम तिथंच आणलाय. म्हणते, "खाली चिखलात मेंढीचं खूर कुजतंय साहेब. तुमच्या चरीनं लई बेस केलं!" मी खडसावलं. मेंढ्या भेगेपासून लांब ठेव, आणि खुंट्या हलल्या तर याद राख! "नाय ओ, तुमचं माप मोडायची नाय मी."

२५ जुलै

चार फूट! तीन दिवस झड लागलीय, तरी सूतभर फरक नाही. उलट भेगच बुजत आलीय, मुरूम आणि काडीकचरा भरलाय तिच्यात. उतार स्थिरावला! वरिष्ठांना तसं लिहून कळवलंसुद्धा. आज स्वारी खूश.

२८ जुलै

विद्यापीठाला आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव काल मुंबईत झाला. आज शहर बंद. एसट्या जागेवर, रस्त्यात टायर पेटलेले. कामावर कुणी नाही. मी सायकलनं गेलो. चार फूट.

३० जुलै



दुपारी मोतीराम आला. बायको मनकर्णा, म्हातारी आई आणि पत्र्याची एक पेटी. त्यांच्या गावात — गावाचं नाव लिहवत नाही — बौद्धवाड्यावर लोक चालून आले. ओळखीचे लोक! घर पेटवलं. ज्यांच्या विहिरीचा गाळ मोतीरामनं उपसला, त्यांनीच. मनकर्णा पदराची काजळी बोटानं चोळत होती. म्हातारी मात्र मला विचारत राहिली, "आमी काय केलं व्हतं?"

खाणीच्या तळाला, कड्याला लागून अवजारांची खोली आहे. तीच उघडून दिली. इथं खाली कुणाचं लक्ष जाणार नाही.

३१ जुलै

मनकर्णा वर कड्याकडे बघून कचरत होती. मोतीरामला माथ्यावर नेलं, त्याच्यासमोर टेप लावला. चार फूट म्हणजे चार फूट! म्हटलं, बिनघोर झोपा, जबाबदारी माझी. मोतीरामनं खुंटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "व्हय साहेब. चार फूट."

२ ऑगस्ट

कसं लिहू!

रस्त्यावर गर्दी जमायच्या आत पोचावं म्हणून आज साडेसहालाच गेलो. बानाबाई दगडानं खुंटी ठोकत होती. माझी खुंटी! शेजारी वाघूर, मेंढ्या कोंडायची ती जाळी, गुंडाळून ठेवलेली. हातात एक काठी. ती तिनं दोन खुंट्यांमध्ये आडवी धरली, आणि मला बघून हसली. "बघा, तुमचं चार फूट. काठीच तोडून ठेवलीया."

रोज सांजेला ती एक खुंटी उपटायची, सोयीच्या जागी वाघूर ताणायची. सकाळी मी यायच्या आत माप धरून परत ठोकायची. माझं माप मोडू नये म्हणून! आणि भेग? "कोकराचं पाय अडकत्याल म्हून म्याच बुजवली."

खुंटीशेजारी भोकं होती, ओळीनं. रोजचं एक. सगळ्यात लांबचं, माझं पहिलं भोक — चार फूट सात इंच. सात इंच! काडीकचरा उपसला, तर हात खांद्यापर्यंत आत गेला.

तिच्यावर ओरडलो. वाटेल ते बोललो. ती मेंढ्या हाकायला लागली आणि मला म्हणाली, "माझं ऱ्हाऊ द्या, खालची माणसं काढा आदी!"

धावत खाली गेलो. मोतीराम उठेना! "ऱ्हाऊ द्या हितंच." पाया पडायचा बाकी राहिलो. माझ्या खोलीवर चला म्हणायला जीभ क्षणभर अडखळली — घरमालक आप्पासाहेब काय म्हणतील? हा विचार आधी आला. लाज वाटते, पण आला. मग म्हातारीला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि निघालो.

आप्पासाहेब दारातच होते. कोण ही माणसं? म्हटलं, माझी. त्यांनी कॅरिअरवरच्या म्हातारीकडे पाहिलं. म्हणाले, "मागच्या दारानं घ्या."

मागच्या दारानंच घेतलं.

३ ऑगस्ट

सकाळी अकराला कडा कोसळला. टप्पे, चर, सगळं खाली. अवजारांच्या खोलीचा पत्राही दिसत नाही. बानाबाई लांब माळावर, मेंढ्या शाबूत. माझ्याजवळ येऊन तिनं ती काठी मोडली आणि रडली. मलाही आवरलं नाही. तिच्यावर कसला ओरडलो मी? भेग का मोजतो, ते मी तरी तिला कधी सांगितलं होतं? नुसता दम दिला.

५ ऑगस्ट

आज मोतीरामला विचारलं, तुला खुंट्यांचं कधी कळलं नाही?

"कळलं की. आलो त्याच सांजेला. बाई खुंटी उपटताना बघितली."

आणि मला 'व्हय साहेब' म्हणालास?!

"सांगितलं असतं तर तुमी तिथून काढलं असतं. आईला घिऊन कुठं जायचं व्हतं? गावापरीस कडा बरा वाटला, साहेब."

मनकर्णालाही ठाऊक होतं.