न बसलेला पिस्टन

१४ मार्च,
रविवार, दुपार

तीर्थरूप काका,

पुतणीचा नमस्कार. तुम्ही आणि काकू ठणठणीत असाल असं धरून चालते. इकडे आम्ही मजेत. बाबाही बरे आहेत. फोन सोडून पत्र कशाला, म्हणाल. फोनवर तुम्ही दोनदा "हं" आणि एकदा "बरं" म्हणता आणि काकूच्या हातात देऊन मोकळे होता. पत्र निदान शेवटपर्यंत वाचाल.

तर बातमी अशी, की बाबांची मोटरसायकल बाहेर काढली. हो, तीच. कितीतरी वर्षं मागच्या पत्र्याखाली चादर पांघरून उभी होती. या हिवाळ्यात बाबांनी एकाएकी ध्यास घेतला, की ती सुरू झाली पाहिजे. मी म्हटलं, होऊन जाऊ दे. मला काय ठाऊक, हत्ती पोसणं स्वस्त पडलं असतं!

इंजिन जाम झालेलं. मिस्त्री म्हणाला, पिस्टन नवा लागेल, रिंगा नव्या लागतील, कार्बुरेटर तर कामातून गेलाय. हा मिस्त्री पान्यापेक्षा जीभ जास्त चालवतो, पण काम मनापासून करतो. गाडी बनायची बंद होऊन जमाना झाला. दुकानात नाव काढलं की लोक हसायचे. ज्याच्याकडे एखादा भाग असेल तो आधी "दुर्मीळ आहे हो" म्हणायचा आणि मग किंमत सांगायचा. एक गृहस्थ कार्बुरेटर काचेच्या कपाटात दागिन्यासारखा ठेवून बसलेले. त्यांच्या घरी किती रविवार चहा प्यायले, त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची कहाणी ऐकली, तेव्हा कुठे त्यांना पाझर फुटला. वर निघताना मलाच म्हणतात, "सांभाळा हं तिला."

पिस्टन परदेशातून मागवला. महिन्याचा पगार गेला, असो. आला, आणि बसेना! सिलिंडरमध्ये चक्क खुळखुळत होता. काका, मी दिवसभर चष्म्याच्या काचा घासणारी बाई, अर्ध्या मिलिमीटरवरून गिऱ्हाइकाशी भांडणारी. आणि इंजिन न मोजता, गाडीच्या सालावरून पिस्टन मागवून बसले. मिस्त्रीवर अशी काही उखडले की विचारू नका. तो शांतपणे म्हणाला, "ताई, पिस्टन बरोबर आहे. इंजिन चूक आहे. हे दोन वर्षांनंतरच्या मॉडेलचं. बाहेरून हुबेहूब, आतून मोठं."

"काहीतरीच काय! आमच्या बाबांनी या गाडीला कधी परक्याचा हात लागू दिलेला नाही."

बाबा खुर्चीत होते. टाकीवरून डावा हात फिरवला. मग म्हणाले, "तो परका नव्हता."

त्या दिवशी मला पहिल्यांदा सगळं कळलं. बाबांना फिरतीची नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं, आणि त्याआधीच त्यांनी तेल न घालता गाडी पळवून इंजिन जाम करून ठेवलं. तुम्ही म्हणालात, "दादा, माझ्यावर सोड." दोन दिवस दार लावून घेतलंत आणि बाहेर येऊन सांगितलंत, रिंगा बदलल्या, पळव आता. पुढच्याच महिन्यात तुम्ही तुमची धडधाकट गाडी भंगारात विकलीत आणि सायकलवरून कामाला जायला लागलात. त्या सबंध गावात नवं मॉडेल एकाकडेच होतं, तुमच्याकडे. आता बाबांनी दोन आणि दोन चार केले: तुमचंच इंजिन आमच्या गाडीत.

आणि माझ्या पहिल्या वाढदिवसाला, भरल्या घरात, ते तुम्हाला काय बोलले तेही त्यांनीच सांगितलं. "हातची गाडी भंगारात घालणारा माणूस संसार काय करणार!" तुम्ही ताट सारलंत आणि निघून गेलात. पुन्हा राहायला म्हणून आलाच नाहीत.

मी काकूला फोन लावला. तुम्ही बाहेर गेला होतात. ती आधी पोटभर हसली, मग म्हणाली, "कळलं का गं एकदाचं? मला शपथ घातली होती. म्हणायचे, दादा ओशाळेल, गाडीवर नीट बसणारही नाही." आता मीच तिला शपथ घातली, पत्र पोचेपर्यंत गप्प राहायची. तिच्यावर रागावू नका.

काका, कसे हो तुम्ही! तेवढं ऐकून घेतलंत आणि एक शब्द उलट बोलला नाहीत? मला राग येतो तुमचा, आणि त्याहून जास्त रडू येतं. आमचं घर त्या नोकरीवर उभं राहिलं. तुमचे आभार कुठल्या तोंडाने मानू?

हो, पिस्टन मिळाला. एका निवृत्त बसचालकाकडे आमच्या मापाचा पडून होता आणि त्यांची गाडी निघाली जुन्या मॉडेलची. अदलाबदल केली. दोघंही इतके खूश झालो, जणू एकमेकांना फसवलंय!

आता जे लिहायचं नाही असं मला बजावलंय, ते लिहिते. बाबा बरे नाहीत. डिसेंबरात त्यांची उजवी बाजू गेली. हात थोडाफार चालतो, पण पाय ओढावा लागतो. डॉक्टर म्हणतात, एवढं सुधारलं हेच खूप. गाडीचा ध्यास तेव्हापासूनचा. तुम्हाला कळवू दिलं नाही. "आजारपणाच्या निमित्ताने बोलावलं असं व्हायला नको" म्हणाले. त्यांचं ऐकलं नाही, तुमच्या कानावर घातलं. मला बोलणी बसतील, बसू देत.

काल गाडी पुरी जोडून झाली. मिस्त्रीने किकवर पाय ठेवला, तोच बाबांनी डावा हात वर केला. "थांब. ज्याचं इंजिन आहे त्याला येऊ दे." मिस्त्रीने किकवरून पाय काढला. पान्यांची पिशवी उचलून घरी गेला.

मग बाबा मला म्हणाले, "लिही त्याला. मी चुकलो म्हणून लिही, खाडाखोड न करता. आणि म्हणावं, माझ्या पायात आता जोर नाही. किक तूच मार."

या, काका.

जन्मभर तुमच्याच इंजिनावर शाळेत, दवाखान्यात, परीक्षेला वेळेवर पोचलेली,
तुमची पुतणी