सोळा देशांचा पाला

१४ जुलै २०२५, सकाळी ९
सत्यशीला पाटोद्याला भावाकडे गेली त्याला आज अकरा दिवस. हवापालट. चौतीस वर्षांत बायकोने एकदा हवापालट केला, तर उमापुरात एवढी चर्चा व्हायचं कारण नाही. दोन टर्म पंचायत समितीत काढल्या. नाराजी कशी हाताळायची ते या मोहनरावाला कुणी शिकवू नये.
घटना एवढीच. दहा कार्यकर्ते जेवायला होते. तिने तांदुळजाची भाजी वाढली. मी ताट सरकवून म्हणालो, हा पाला शेळीपुढं टाक. सगळे हसले. हसण्यासारखंच होतं. ती आत गेली, चप्पल घातली आणि स्टँडवर गेली. भाकरी तव्यावर करपली.

१६ जुलै
निर्णय झाला. नाराजी पाल्यावरून, तर पाल्याचाच सन्मान करायचा, तोही आंतरराष्ट्रीय लेव्हलवर. यूट्यूबवरून जगभरच्या पालेभाज्यांची लिस्ट काढली. सोळा देश. शिकून तयार राहायचं, ती आली की वाढायचं. विषय संपला.
गॅस चौथ्या काडीला पेटला.

२० जुलै, रविवार
इटली. तिकडे तुळशीच्या जातीच्या पानांची हिरवी चटणी करतात. आपल्या अंगणात वृंदावन भरलेलं. ओंजळभर खुडली, शेंगदाणे-लसूण घालून मिक्सरला लावली. तेवढ्यात भांड्याला छबुबाई आली आणि किंचाळलीच. आण्णा, आयतवारी तुळस तोडली, वर लसूण घातला, आता ह्या घरात मी भांडं घासायची न्हाई, म्हणाली आणि गेली.
चव औषधासारखी. इटलीचे लोक निरोगी असणार.

२३ जुलै
छबुबाई परत आली. तुळशीची बातमी मात्र पाटोद्याला पोचली म्हणे. पोचू दे. मी प्रयत्न करतोय हे तरी तिला कळेल.

२६ जुलै
ग्रीस. पापुद्र्यांमध्ये पालक आणि चीज भरून भाजतात. पापुद्रे गेवराईतही मिळाले नाहीत. छबुबाईच्या कालच्या चपात्या घेतल्या, चीजऐवजी पनीर, ओव्हनऐवजी कुकर. वरून कच्चं, खालून कोळसा. मधला भाग आशादायक.

३० जुलै
लेबनॉन. बारीक कोथिंबीर, टोमॅटो, लिंबू, भिजवलेला लापशीचा रवा. यात काही शिजवायचं नसतं, त्यामुळे पूर्ण यशस्वी. डबा भरून ओळखीच्या कंडक्टरबरोबर पाटोद्याला पाठवला. चिठ्ठी नाही. मोठी माणसं चिठ्ठ्या लिहीत नाहीत. शिवाय काय लिहायचं ते सुचलं नाही.

१ ऑगस्ट
डबा परत आला. घासून-पुसून, रिकामा! म्हणजे सगळं खाल्लं. वातावरण अनुकूल.
छबुबाईला दाखवला. तिने झाकण उघडून आत बघितलं. मग म्हणाली, आण्णा, कुनाचा डबा रिकामा देत नसत्यात. चिमूटभर साखर तरी घालत्यात. बाईसायबांनी जानून रिकामा धाडला.
मी म्हणालो, त्यांच्याकडची साखर संपली असेल.

७ ऑगस्ट
केनिया. तिथली पानं मिळत नाहीत, नवलकोलाचा पाला घेतला. त्या भाजीच्या नावाचा अर्थ म्हणे आठवडा ढकलणं. महागामोलाचं काही नसलं की ह्या भाजीवर आठवडा ढकलतात. बरी झाली होती. कुणाला तरी सांगावंसं वाटलं.
एकट्याने जेवताना ताटाचा फार आवाज होतो.

१० ऑगस्ट
मेव्हण्याला, उत्तरेश्वरला, स्वतःहून फोन केला. मोठेपणा दाखवला. म्हणालो, बहिणीला समजाव, एका भाजीपायी संसार सोडतात का?
तो म्हणाला, दाजी, तो तांदुळजा आईच्या परसातला होता. आईनं हातानं लावलेला. आईच्या तेराव्यानंतर अक्का तुमच्याकडं माघारी निघाली तवा शेवटचा खुडून पदरात घेऊन गेली. आन तुमी शेळीपुढं टाक म्हनला.
मी म्हणालो, हे मला कुणी कळवलंच नाही. माहिती वरपर्यंत पोचत नाही, हा आपल्या घरातला जुनाच प्रॉब्लेम.
सासूबाईंच्या तेराव्याला मी होतो. बराच वेळ बाहेर फोनवर होतो.
आज जेवलो नाही. भूक नव्हती, बाकी काही नाही.

१८ ऑगस्ट
लक्षातच आलं नव्हतं! ३१ ला महालक्ष्म्या. आमच्या घरी पाच पिढ्यांच्या उभ्या लक्ष्म्या, एक वर्षही खंड चालत नाही. म्हणजे सत्यशीलाला यावंच लागणार. याला राजकारणात व्हिप म्हणतात. ती एक वेळ मला सोडेल, लक्ष्म्यांना सोडणार नाही.
दुसऱ्या दिवशी नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. माझ्याकडे सोळा देश तयार. योगायोग नाही हा.

२५ ऑगस्ट
जपान. पालक उकळत्या पाण्यातून काढून पिळायचा. बोटं भाजली. तिच्या बोटांवर असेच डाग आहेत. कशाचे, ते कधी विचारलं नाही. आल्यावर विचारीन.
घर झाडून घेतलं. तिच्या खोलीतल्या पंख्याला ऑइल दिलं.

२९ ऑगस्ट, दुपारी १
आली. जीपमधून, उत्तरेश्वरबरोबर. मी दाढी करून तयार होतो. टेबलावर ग्रीस आणि केनिया.
ती सरळ देवघरात गेली. पेटी उघडली, लक्ष्म्यांचे दोन्ही मुखवटे काढले, जुन्या इरकलीत गुंडाळले. मी म्हणालो, अगं, आत्ताच कशाला काढतेस, परवा आहेत. ती म्हणाली, औंदापासून लक्ष्म्या आपल्या सुरजकडं बसनार. संभाजीनगरला. सून, प्रियदर्शनी, करीन म्हनली.
मी म्हणालो, आणि घरच्या?
ती म्हणाली, ह्याच घरच्या. दुसऱ्या हायत का?
दारात थांबली. मला वाटलं, आता बोलेल. म्हणाली, सोमवारी जेवन हाय. तुमी बी या.
लोकांना आवतण देतात तसं. माझ्याच लक्ष्म्यांचं.

२ सप्टेंबर
काल संभाजीनगरला गेलो होतो. वाटेत बोलणं पाठ केलं होतं. चुकलो, घरी चल. एवढंच, पण चार तास घोकत होतो.
सुरजच्या घरी बायकांची पंगत आधी बसवली होती. सत्यशीला मधोमध, पाटावर. पुढे रांगोळी. प्रियदर्शनी वाकून वाढत होती, घ्या ना आई, म्हणत होती. ती सावकाश जेवत होती. भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. शेजारची काही बोलली, तर तोंडावर हात ठेवून हसली.
चौतीस वर्षं माझ्या घरात रोज पंगती उठल्या. तिला कुणी वाढतंय आणि ती बसून जेवतेय, हे मी कधी पाहिलं नव्हतं.
मी दारात दिसलो आणि तिचं हसणं थांबलं. हात अर्धा पुसून उठायला लागली, मला वाढायला.
मी म्हणालो, बस. जेव तू.
पाठ केलेलं बोललो नाही. नंतर मला वाढलं, मी जेवलो. काय जेवलो आठवत नाही. ती परत येणार नाही. मी तिच्या जागी असतो, तर मीही आलो नसतो.
साडेतीनच्या बसने निघालो. शेजारी एक म्हातारे बसले होते. त्यांनी विचारलं, गावाकडं घरी कोन कोन असतंय?
म्हणालो, मीच.