चिखल नसलेली सही

अण्णा, शाळेच्या वाडीला गेल्या आठवड्यात पत्रे ठोकले. पूर्वी उमेळ्याच्या वळणावरून आत आलं की आधी चिंच दिसायची, मग विहीर आणि मग आपली कौलारू शाळा. आता निळे पत्रे दिसतात आणि त्यावर बँकेची पाटी, की मालमत्ता बँकेच्या ताब्यात आहे, कुणी व्यवहार करू नये. मुलं समोरच्या इमारतीतल्या दोन गाळ्यांत बसतात. शटर वर केलं की वर्ग भरला! मीही तिथेच शिकवते, निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. शटर मागच्या गल्लीत उघडतं, खिडकी नाही, त्यामुळे पत्रे दिसत नाहीत, एवढंच सुख.

ती वही आठवते का तुम्हाला, शाळेच्या ट्रस्टच्या ठरावांची? तुम्ही पाच विश्वस्त, पाचही बागायतदार. सकाळी केळीत, दुपारी पानवेलीत, सभेला वेळ कुणाला होता? मग सभाच वहीतून घरोघर फिरायची. शिपाईमामा ती पिशवीत घालून वाडीवाडीतून हिंडायचे आणि तुम्ही पाटाचं पाणी वळवता वळवता, हात धोतराला पुसून, उभ्या उभ्या सही करायचात. बहुतेक वेळा पान कोरंच असायचं. मजकूर नंतर तुम्हा पाचांतलेच सेक्रेटरी लिहीत. सगळा गाव एकमेकांना ओळखतो, त्यात वाचायचं काय, असं तुमचं सगळ्यांचं म्हणणं. तुमच्या प्रत्येक सहीशेजारी चिखलाचं बोट उमटलेलं असे. सेक्रेटरी कुरकुरत, "अण्णा, वही आहे की वाफा?" आणि तुम्ही हसायचात.

मी चौथीत असताना प्रगतिपुस्तकावर तुमची सही मीच ठोकून दिली होती. गणितात नापास होते. हुबेहूब जमली होती, बाई फसल्या, तुम्ही फसला नाहीत. मारलं नाहीत. हाताला धरून शाळेत नेलंत आणि बाईंसमोर मला सांगायला लावलंत. परत येताना विहिरीच्या काठावर बसून म्हणालात, "जिथं माणूस नाही तिथं त्याला उभा करायचा नाही, बाळ. तो काय बोलला असता, हे तुला काय ठाऊक?" मला तेव्हा फक्त लाज वाटली होती, कळलं काहीच नव्हतं.

मग बऱ्याच वर्षांनी पक्षाघाताने तुमचा उजवा हात गेला. तुम्ही ओसरीवरच्या खाटेवर पडलेले असता आणि शिपाईमामा वही घेऊन येतात. पान नेहमीसारखं कोरं. मामा पायरीवर उभे आहेत, मी पोळ्या टाकून नुकतीच बाहेर आलेय. मामा तुमच्या हाताकडे बघतात आणि म्हणतात, "सही तं नाय व्हायाची. अंगठा घ्याया लागंल, बाय. पन अंगठा घ्यायचा तं आदी मजकूर लिवून आनला पायजे, वाचून दाखवला पायजे. ऱ्हाऊ दे, मी उद्या येतो. घाई नाय."

घाई नाही, असं ते म्हणाले होते, अण्णा. पण अंगठा हा शब्द माझ्या डोक्यात गेला. ज्या माणसाने गावात शाळा काढली, तो शाळेच्या वहीत अंगठा लावणार? मामांना म्हटलं, वही ठेवून जा, ते उठले की विचारते, उद्या न्या. वही घेऊन स्वयंपाकघरात गेले, हात धुतले, पुसले, वही ओट्यावर ठेवून तुमची सही केली. अजूनही हुबेहूब जमत होती. तुम्ही झोपला होतात. नंतरही मी तुम्हाला सांगितलं नाही, आणि तीन महिन्यांनी तुम्ही गेलात.

त्या पानावर पुढे काय लिहिलं गेलं, ते तुम्हाला ठाऊक नाही. शाळेला नवी इमारत बांधून देणाऱ्या कंपनीच्या कर्जासाठी वाडी गहाण ठेवायला ट्रस्टची संमती आहे, असा ठराव. त्या ठरावावर धर्मादाय आयुक्तांची परवानगी मिळाली, परवानगीवर बँकेने कंपनीला कर्ज दिलं. कंपनीने इमारतीचा पायादेखील खणला नाही, दिवाळं काढून मोकळी झाली. बँक वाडीवर आली तेव्हा गाव कोर्टात गेला. ठरावाला पाचांपैकी तिघांच्या सह्या लागत. सेक्रेटरी आणि आणखी एकजण म्हणाले, आमच्या सह्या खऱ्या. उरलेल्या दोघांनी सही केलीच नव्हती. तिसरी सही तुमची.

गावाच्या वकिलांनी मलाच साक्षीला बोलावलं, मोठ्या भरवशाने. तुमचे डॉक्टर वारलेले, शिपाईमामाही गेले. "बाई, एवढंच सांगा, त्या काळात वडिलांचा हात चालत नव्हता. सही त्यांची नाही. वाडी वाचली समजा." मी पिंजऱ्यात उभी राहिले आणि वही माझ्यापुढे आली. आधीची पानं उलटली, तर तुमची बोटं सगळीकडे. हे पान तेवढं स्वच्छ, धुतल्या हातांचं. तिथे ते वाचणारी मी एकटीच होते. सही त्यांची नाही म्हटलं, की पुढचा प्रश्न येणार, मग कुणाची? नोकरी, पेन्शन, कदाचित तुरुंग. मी म्हटलं, "सही त्यांचीच आहे. हात कधीकधी चालायचा."

निकाल बँकेच्या बाजूने लागला. शाळेच्या ऑफिसातला तुमचा फोटो कुणीतरी उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, तो मी घरी आणला. शेजारची वयनी, जिला तुम्ही लग्नात लुगडं दिलं होतं, कुंपणावरून मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "अन्नानं पोरांचं पानीसुदा इकलं." मी कपडे वाळत घालत राहिले. तुम्ही नाही म्हणायला इथे नाहीत, आणि जी आहे ती गप्प. याच्याइतकं नीच काही मला माहीत नाही, आणि ते मी रोज करते, डबा भरते, शाळेत जाते.

वकिलांनी शेवटचं एक सांगितलं होतं. अपिलाला मुदत आहे, तेवढ्यात तुम्हाला काही आठवलं, कुणाकडून काही कळलं, तर प्रतिज्ञापत्र करू, अजून आशा आहे. जाताना ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले, असं मला वाटलं. मी कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीने खूण केली. रोज बघत होते. गावाकडे नवा पुरावा नव्हता, त्यामुळे अपील कुणी केलंच नाही.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार? फक्त एक सांगायचं राहिलं, अण्णा. मुदत परवा संपली. मी लिहायला काल बसले.