दारावरचा निळा

रेवस, मंगळवार संध्याकाळ

आज रंगारी निजामभाईंनी बाबांच्या खोलीचं दार खरवडलं. आधी पाणी मारून ओलं केलं, खाली प्लास्टिक अंथरलं, तोंडाला मास्क लावला. मला म्हणाले, "ताई, पोरीला हिकडं आनू नको. जुन्या रंगात शिसं असतं. बारक्या पोरांच्या पोटात गेलं तर लय वाईट."

माहीत आहे. म्हणूनच तर काम काढलं. सई रांगायला लागली आहे, दिसेल ते तोंडात घालते. तरी मला बघवेना. दर वर्षी होडी रंगवून उरलेला रंग बाबा या दाराला लावायचे. हिरवा निघाला, मग लाल, अगदी खाली निळा. तो माझ्या जन्माच्या वर्षीचा, असं बाबा सांगायचे. होडी विकली, बाबा गेले, निळा तेवढा उरला होता.

एक ओला टवका मी गुपचूप मुठीत घेतला. एवढासा डबीत ठेवला असता तर काय बिघडलं असतं? पण निजामभाईंनी पाहिलं. "तो पन टाक, ताई," एवढंच म्हणाले.

टाकला. आत सई रडत होती. मी साबणाने हात धुतले, नखांत अडकलेला निळासुद्धा ब्रशने घासून काढला, आणि मगच तिला उचललं.