डाव्या पाट्याचा नट

अहो,

नट निघाला. आज दुपारी, जेवणाच्या थोडं आधी. जीपच्या पुढच्या डाव्या चाकाजवळचा, जिच्यावर स्प्रिंगचा पाटा टांगलेला असतो त्या कडीचा. ज्याच्यावरून आपण दोघांनी वर्षभर डोकी फोडली, तोच.

येत्या गुरुवारी तुम्हाला जाऊन वर्ष होईल. भटजींनी यादी दिली आहे, तीळ आणि दर्भ आणून ठेवले आहेत, नयन बुधवारी मडगावहून येईल. पण त्याआधी मला तुमच्याशी एक गोष्ट बोलायची आहे आणि ती श्राद्धाला जमलेल्या माणसांसमोर बोलता येणार नाही. म्हणून शाळेतली एक कोरी वही शोधून बसले आहे. पस्तीस वर्षांच्या संसारात मी तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. लिहिण्याइतके लांब तुम्ही गेलातच कधी? कोरगाव सोडलंत तर डिचोली, आणि डिचोलीहून परत कोरगाव.

नयनला वाटतं की जीपने तुम्हाला नेलं. गावातही सगळे तेच म्हणतात. तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी बायकांत बसून म्हणाल्या, "ह्या वयार गाडयेखाल घुसाक तेंका कोणी सांगिल्लें?" मी तिथेच होते. मान खाली घालून चटईच्या काड्या मोजत होते. कोणी सांगितलं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आठवतं ना त्या शनिवारी सकाळी मी काय बोलले ते? "उद्या ताईकडे जायचं आहे. त्या नटाचा आज काय तो निकाल लावा, नाहीतर मी बसने डिचोलीला जाते आणि परत येत नाही." तुम्ही बशीतला चहा संपवलात, "बरें" म्हणालात आणि उठलात. दुपारी खिळ्यावरची हत्यारांची पिशवी काढून जीपकडे गेलात. पाच वाजता मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही जीपच्या पलीकडच्या अंगाला, चाकाला पाठ टेकून बसला होता. पिशवी मांडीशी. मला वाटलं, डोळा लागला. मी वरून बोलले सुद्धा, "असे बसून राहिलात तर नट काय आपणहून निघणार आहे?"

ते माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या-पाऊण तासापूर्वीच सगळं संपलं होतं. जोर लावायला नको होता, असंही म्हणाले.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. ताईला नाही, नयनला नाही. वर्षभर मी जीपला दोष देऊ दिला. नयन म्हणाली, "आई, ते धूड भंगारात घाल, माझ्याच्यान बघवत नाही." मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. नुसती टाळत राहिले. जीपच्या शेडच्या दिशेची खिडकी मात्र बंद करून ठेवली.

खरं सांगू? त्या खडखडीची मला लाज वाटायची. खाणीवरची जीप, लिलावात घेतलेली. गोवा राज्य झालं त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. घरी आणून धुतली तेव्हा अंगणभर लाल पाणी झालं होतं, जशी काय अर्धी खाणच बरोबर आली. तेव्हापासून तुमचा तिच्यावर जीव. पण शेवटच्या वर्षात तो पाटा असा वाजायचा की आपण ताईच्या गल्लीत शिरायच्या आधी ती अंथरुणावरून सुनेला सांगायची, "चाय दवर गो, रथ आयलो." लोक हसायचे. तुम्हीही हसायचात. कडीतला रबरी बुश बदलला की आवाज बंद होईल, हे तुम्हीच मला सांगितलंत. मग बदलत का नव्हतात? तर म्हणे नट गंजून बसलाय. कधी सोडवाल? तर "फाल्यां बघूया." तुमचा तो उद्या काही उजाडला नाही.

आणि तो गंजला कसा? सगळ्या जगाने गाड्यांना ग्रीस लावावं आणि तुम्ही लावावं काजूचं तेल! काजूच्या कारखान्यातून टरफलांच्या तेलाचा डबा आणायचात आणि दर मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, जीपखाली उताणे झोपून ब्रशने झाडून सगळ्या नटबोल्टांना फासायचात. मी म्हणायचे, हे घराच्या वाशांना लावायचं, वाळवी लागू नये म्हणून. तुमचं उत्तर ठरलेलं. "वाशांक लावतत, होडयेक लावतत, मगे जीपीक लावल्यार काय जाता?" काय जातं ते आज कळलं.

रावसाबला तुम्ही ओळखत नाही. मूळ निपाणीचा. मोपाला विमानतळाच्या कामावरच्या मशिनी दुरुस्त करायला आला आणि मग तिकडेच रस्त्याकडेला शेड घालून राहिला. मीच त्याला बोलावलं. जीप विकायची की ठेवायची ते नंतर बघू, पण वर्षश्राद्धाआधी तो नट निघालाच पाहिजे, असं माझ्या मनाने घेतलं होतं. वैरच होतं म्हणा ना माझं त्याच्याशी. तुम्हाला घेऊन गेलेली वस्तू तशीच जागेवर घट्ट बसून राहिलेली मला सहन होत नव्हती.

मंगळवारी तो आला. चाक काढलं, दिवा लावून आत डोकं घातलं, आणि आतूनच ओरडला, "वैनी, ह्याला डांबर फासलंय व्हय?"

मी सांगितलं, काजूच्या टरफलांचं तेल.

"तेल न्हवं आता हे. लाख झालीया त्येची. आत खाणीवरचा गंज, वर ही साल. मालकांनी नटाला कोंडून घातलाय बघा." मग दिवा आणखी जवळ नेऊन म्हणाला, "पर एक बरं हाय. कोपरं शाबूत हाईत. ह्याला कुणी पाना लावल्यालाच न्हाई."

मी म्हटलं, लावलेला आहे. गेल्या वर्षी. दिवाळीनंतर.

"न्हाई वैनी. पाना लागला असता तर ही साल फुटली असती कोपऱ्यावर. काचंवानी असतीया ती. एक टवका उडाल्याला न्हाई."

मी वाचायचा चष्मा आणला. गोणपाट पसरलं आणि बासष्टाव्या वर्षी, साडी सावरत, तुमच्या त्या जीपखाली शिरले. रावसाबने दिवा धरला. काळी, चकचकीत साल, त्या मे महिन्यात तुमच्याच ब्रशने चढवलेली. ब्रशचे केस फिरल्याच्या रेघा सुद्धा दिसत होत्या. बोट फिरवून मी सहाही कोपरे मोजले. पुन्हा मोजले. कुठे ओरखडा नाही. तुम्ही गेल्यानंतर जीप शेडमधून हलली नाही की कोणी तिला हात लावला नाही. म्हणजे त्या शनिवारीही पाना लागला नव्हता.

मग तुम्ही दुपारभर तिथे करत काय होता?

तेही लगेच कळलं. रावसाबचा पाना घासलेला होता, म्हणून त्याने तुमची पिशवी मागितली. ती त्या दिवशी कोणीतरी परत खिळ्याला अडकवली होती. मी वर्षभर तिला हात लावला नव्हता. पाने सगळे तेलकट फडक्यात गुंडाळलेले, वर काथ्या बांधलेला, काथ्याची गाठ जशीच्या तशी. आणि फडक्याच्या वर? बिड्यांचा कट्टा, काडेपेटी आणि नारळाची एक करटी, थोटकांनी अर्धी भरलेली.

सहा वर्षांपूर्वी देवळात नारळ ठेवून सोडली होती ना बिडी? डॉक्टरांसमोर कानाला हात लावला होतात, तो कुणाचा कान होता? म्हणजे दर शनिवारी "गाडयेचें काम आसा" म्हणून पिशवी उचलून जायचात, ते हे काम. जीपच्या पलीकडच्या अंगाला, घरातून दिसणार नाही असं. आणि परत येताना हातांना डिझेल चोळून यायचात, बिडीचा वास मारायला! मी खुळी, वास घेऊन मनात म्हणायचे, काय कष्ट उपसतो हा माणूस.

रावसाबने एक बिडी नाकाशी धरली आणि खुशीत म्हणाला, "आमच्याकडची तंबाखू हाय ही." मग माझ्याकडे बघून त्याने ती घाईघाईने परत ठेवली. कारण मी त्या गोणपाटावर बसून रडत होते. त्याला वाटलं, बिड्यांवरून. "आता जाऊ द्या वैनी, माणूसच ऱ्हायलं न्हाई, राग कुणावर धरताय," असं काहीबाही बोलून त्याने माझी समजूत काढली. मीही काढू दिली.

पुढचं सांगते, कारण तुम्हाला त्यात गोडी. त्याने साल छिन्नीने हळूहळू खरवडली आणि पेचात तेल सोडून दोन दिवस नट तसाच ठेवला. आज गॅसची ज्योत लावली. कोपऱ्याकोपऱ्यात राहिलेलं काजूचं तेल पेटलं आणि असा काळा धूर उठला की दोघेही खोकत अंगणात पळालो. त्या तेलाने त्याचा उजवा हात कोपरापर्यंत उतला, फोडच फोड. मी कोकमाचं तेल लावून दिलं. तुमच्या नावाने त्याने जे म्हटलं ते लिहीत नाही. मग म्हणाला, असा नट आधी सोडवायचा नसतो, आधी केसभर आवळायचा, गंजाची पकड मोडली की मग सोडवायचा. आवळला. पान्याला लांब पाइप जोडला. तरी हलेना. त्याचा एक हात निकामी, म्हणून मला म्हणाला, "वैनी, वजन टाका जरा." मी पाइपवर दोन्ही हातांनी लोंबकळले. शाळेत मी शिकवलेल्या पोरींनी बघायला हवं होतं. कर्रर्र असा आवाज झाला, मी खाली बसले आणि नट फिरला.

नवा बुश बसवून रावसाबने जीप कोरगावच्या रस्त्यावरून फिरवून आणली. मी बरोबर बसले होते. खडखड गेली. इतकी शांत जीप आपली आहे असं वाटेना, जरा चुकल्यासारखंच झालं.

आता मुद्द्याचं. लग्न झाल्यापासून माझी तुमच्याबद्दल एकच तक्रार होती, की तुम्ही माझं काही म्हणून ऐकत नाही. कौलं फिरवायचं ऐकलं नाहीत, औषध वेळेवर घ्यायचं ऐकलं नाहीत, काजूच्या तेलाचं तर बोलायलाच नको. ताईपाशी, नयनपाशी, शाळेतल्या बायकांपाशी मी हेच रडगाणं गायले. आणि तुम्ही गेल्यावर मात्र मी वर्षभर अशी समजूत करून घेतली, की त्या एका शनिवारी तुम्ही माझा शब्द झेलायला गेलात आणि त्यातच संपलात. माझ्या शब्दाला एवढी किंमत तुम्ही कधी दिली होती? हे मला आधीच सुचायला हवं होतं.

त्या दिवशीही तुम्ही माझं ऐकलं नाहीत. सावलीला बसून बिडी ओढलीत. बिडीने नेलं, वयाने नेलं की आणखी कशाने, ते डॉक्टर जाणोत. मी नेलं नाही. फार फार उपकार झाले तुमचे.

गुरुवारी पानावर तुमच्या आवडीचं सगळं वाढीन, खतखतं, सोलकढी, पायस. बिडी ठेवणार नाही, तेवढं मागू नका. जीप भंगारात जाणार नाही. रविवारी रावसाब मला तिच्यातून ताईकडे नेणार आहे.

आणि एक शब्द देते. पाहुणे गेले की नयनला समोर बसवून त्या सकाळचं माझं बोलणं अक्षरन् अक्षर सांगेन, आणि पाच वाजताचंही. काही गाळणार नाही, स्वतःला वाचवणार नाही. ती चिडेल. वर्षभर का लपवलंस, म्हणून मला नाही नाही ते बोलेल. बोलू दे. मी सगळं ऐकून घेईन.

तुमच्याच घरातून, तुमचीच,
शालिनी