बुडालेल्या लाँचचं व्याख्यान

१४ मार्च, रविवार दुपार

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार केला असं धरून चाल. पुढच्या महिन्यात येतोय, असं तू कळवलंस त्याला आठवडा होऊन गेला आणि माझं उत्तर नाही, म्हणून रागावला असशील. रागाव. फोनही मुद्दामच उचलले नाहीत. बाबा दिवसभर माझ्या शेजारच्या खुर्चीत असतात आणि मला जे सांगायचंय ते त्यांच्यादेखत बोलण्यासारखं नाही. आत्ता ते झोपलेत, म्हणून लिहायला बसले.

इकडे ठीक आहे. खाऱ्या वाऱ्याने स्वयंपाकघराची खिडकी पुन्हा सडली. दुरुस्तीवाल्याला सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला, तो काही उगवत नाही. वाचनालयातली बाबांची व्याख्यानं मात्र जोरात चालू आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जुनं बंदर, जकातघर, दीपगृह, जे काही आपल्या किनाऱ्यावर होतं ते सगळं. नव्या वसाहतीतली माणसं येतात, त्यांना काहीही सांगितलं तरी नवंच. वाचनालयाचे चिटणीस तर बाबांना डोक्यावर घ्यायचेच काय ते बाकी आहेत.

तुला माहीतच आहे, बाबा टिपणं काढत नाहीत. पडद्यावर चित्र आलं की बोलायला लागायचं. चित्रं बदलायचं काम माझं, आणि गेलं वर्षभर मी त्यात लबाडी करतेय. बाबा अडखळले की मी चटकन पुढचं चित्र लावते. ते दिसलं की त्यांची गाडी पुन्हा रुळावर. लोक म्हणतात, या वयातही काय ओघ आहे! ओघ कसला डोंबलाचा, मी बटण दाबतेय.

ते विसरायला लागलेत हे मी तुला सांगितलं होतं. किती, ते सांगितलं नव्हतं. आई गेल्याचं कधी आठवतं, कधी नाही. रोज संध्याकाळी फाटकाशी जाऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "आला का गं तो?" तो म्हणजे तू. मी म्हणायचे, येईल.

नमनालाच घडाभर तेल घालतेय, कळतंय मला. सांगते.

गेल्या व्याख्यानात जुन्या धक्क्याचं चित्र लावलं होतं. आपण शाळेत असताना तिथून सुटलेली ती लाँच वादळात बुडाली, ती हकिकत बाबा दरवर्षी सांगतात. या वेळी निम्म्यावर अडखळले. मी बटण दाबणार, तर हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाले, "या लाँचमध्ये माझा मोठा मुलगा होता."

दादा, मी बटणावरचं बोट काढून घेतलं.

"सकाळीच आमचं भांडण झालं होतं. बंदर कचेरीतली नोकरी सोडून जहाजावर जातो म्हणाला. मी म्हटलं, गेलास तर पुन्हा तोंड दाखवू नकोस. पोचवायलाही गेलो नाही. गेलो असतो तर थांबला असता तो. पोरगा हट्टी नव्हता हो, मीच होतो."

भांडण खरं, शब्दही खरे. पण लाँच बुडाल्यानंतर किती वर्षांनी तू घर सोडलंस, आणि तेही धडधाकट. पण ते शेवटचं वाक्य त्यांनी आईजवळसुद्धा कधी काढलं नव्हतं, आणि परक्या माणसांपुढे बोलून गेले.

चिटणीस डोळे पुसत उठले. "आपण सगळे दोन मिनिटं उभं राहू या." आणि अख्खा हॉल तुझ्यासाठी उभा राहिला. शेजारचे बोटी बांधणारे काका, ज्यांना तू परवा चष्मा पाठवलास, तेही काठी टेकत उठले. बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. "काका, तुम्हाला तर सगळं माहीत आहे!"

म्हणाले, "अगं, एवढी माणसं उभी राहिली. मी एकटा बसून काय सांगू? पोरगा मजेत आहे, चष्मे पाठवतो, म्हणून?"

मला हसू आलं आणि मग रडू आवरेना. कारण मीही उभी राहिले होते.

त्या दिवसापासून बाबा फाटकाशी जात नाहीत. काही विचारत नाहीत. पोटभर जेवतात, गाढ झोपतात. आई गेल्यापासून इतकं शांत मी त्यांना पाहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणतात, खोडून काढायला जाऊ नका, दर वेळी नव्याने हादरतील.

तरी काल हिय्या केला. तुझा नवा फोटो त्यांच्यापुढे धरला. "बाबा, हा येतोय पुढच्या महिन्यात. आपला दादा." त्यांनी चष्मा पुसला, तुझी पिकलेली दाढी, टक्कल, सगळं नीट पाहिलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "बाळ, आपला गेला. असं किती दिवस वाट बघत बसशील?"

माझी समजूत घालत होते ते!

थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "पण गृहस्थ चांगले दिसतात. लांबून येतायत ना? लॉजवर कशाला उतरायचं? पोराची खोली रिकामीच आहे. त्यांना दे."

आता तूच सांग, मी ये म्हणू की नको म्हणू? नको म्हणावं तर नंतर येऊन तू भेटणार कुणाला? ये म्हणावं तर ते दारात तुला "या, बसा" म्हणतील आणि तुला ते सोसणार नाही. आणि ओळखलंच, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विसरले, तर परत संध्याकाळी फाटकाशी उभे राहतील. रडून एकदाचे मोकळे झालेत रे ते. मी हात टेकले. खोली झाडून ठेवली आहे, गादीला ऊन दाखवलं आहे. तेवढं मला जमतं.

कोण म्हणून येतोस, ते तू ठरव.

या घरात तू जिच्यापुरता जिवंत आहेस ती,
तुझी धाकटी